फुलामागचा वांगी रंग

१

संतपूरच्या बसस्टँडसमोर एकतीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. उद्धवराव फोटोवाले म्हटलं की औरादपासून उदगीरपर्यंत लोक ओळखायचे. या भागातल्या निम्म्या लग्नांत मी नवरा-नवरीला 'जरा हसा' म्हणून सांगितलेलं आहे. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि धंदा आटला. दोन वर्षांमागं शटर ओढलं, सामान विकलं. एक कॅमेरा आणि एक लेन्स तेवढी ठेवली. ही लेन्स मी अंगठ्या आणि नवरीच्या हातावरची मेंदी अगदी जवळून काढायला घेतली होती. मुंगीचा पायसुद्धा तिच्यातून बोटाएवढा दिसतो.

आता निवांत राहू म्हटलं, तर गेल्या वर्षी मृगाच्या आधी माझी बायको विजयश्री न्हाणीत पडली. बीदरच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं ते गेलंच. बोलणं जड झालं. तोंडात घास धरून कुणी बोलावं तसं बोलायची. मला समजायचं, दुसऱ्याला नाही.

अंगणातली बाग तिचीच. झेंडू, शेवंती, सदाफुली, कोरांटी, मधे तुळस, पलीकडं हापसा, लिंब आणि शेवटी लोखंडी फाटक. फाटकापुढं आमची तूर आणि पाणंद. तिची खाट मात्र आतल्या खोलीत लावावी लागली, कारण हवेच्या गादीला लागणारं विजेचं बटण त्याच भिंतीला होतं. तिथून बाग दिसत नव्हती. दसरा झाल्यावर एकदा तिनं विचारलं, "झेंडू आला का?" मी कॅमेरा घेऊन गेलो. फुलावर एक सातेरी मधमाशी बसली होती, ती फोटोत आली. टीव्हीवर लावून दाखवला. माशीच्या डोळ्यांवरचे केससुद्धा दिसत होते. विजयश्री कितीतरी वेळ बघत राहिली. कित्येक महिन्यांनी तिचं तोंड डावीकडून हसल्यासारखं झालं.

तेव्हापासून माझा रोजचा पाठ झाला. सहाला तिची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, आंबील पाजायची. साडेसातला बागेत ऊन उतरलं की पोत्यावर गुडघे टेकून बसायचं. त्या वेळी माशा थंडीनं आखडलेल्या असतात, लवकर उडत नाहीत. श्वास धरायचा आणि केसभर पुढं, केसभर मागं झुलत बटण दाबायचं.

२

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. टीव्हीवर झेंडूवरच्या माशीचा फोटो होता. माशीच्या मागं वरच्या कोपऱ्यात एक वांगी रंगाचा डाग दिसला.

या लेन्सचं असं आहे की ज्या माशीवर ती लागते तेवढंच स्वच्छ येतं. बोटभर मागचं सगळं दुधात कालवल्यासारखं होतं. पानं असली तर हिरवं, भिंत असली तर पांढरं. आकार उरत नाही, रंग उरतो. म्हणून मी मागं कधी बघतच नव्हतो. पण वांगी रंगाचं आमच्या अंगणात काहीच नव्हतं.

शेजारच्या राजूबाईचं लुगडं वाळत असेल म्हणून जाऊन बघितलं. तिच्या दोरीवर पांढरी चादर होती. काचेवर काही बसलं असेल म्हणून लेन्स पुसली. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा आला, पण जागा वेगळी. काचेवरची घाण जागा बदलत नाही, हे मला एकतीस वर्षांच्या धंद्यात माहीत झालेलं. तिसऱ्या दिवशी डाग उभट होता आणि त्याच्या खालच्या अंगाला लाल रेघ होती.

लाल काठ.

मी लोखंडी ट्रंक उघडली. पल्लवीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, लग्नात घेतलेली इरकली साडी तळाशी होती. वांगी रंगाची, लाल काठाची. घडी मोडलेली नव्हती. डांबरगोळ्यांचा वास आला. ट्रंक लावली आणि आपण साठीला आलो, डोळे तपासून घ्यावेत, असं मनाशी म्हटलं.

३

"माशी बगू नका," विजयश्री म्हणाली. "मागं बगा."

मी टीव्हीकडं तोंड करून उभा होतो. वळलो नाही.

"मागं काय हाय?"

"मी हाये की. आज तुळशीपस्तोर गेल्ते."

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेशंट कधी कधी भलतंच बोलतो, वाद घालू नका. मी वाद घातला नाही. तिच्या ओठांवरची लाळ पुसली आणि विचारलं, "कशी गेलतीस?"

"पायानं." तिला माझा प्रश्न खुळ्यासारखा वाटला असावा. "तुमी खाली बसलाव, डोळा लावलाव, की माझा पाय उचलतो. तुमी उठलाव की मी हितं."

"मग आज कंच्या फुलावर होती माशी?"

"पिवळ्या. हापशाकडच्या. तुमच्या सदऱ्याला पाठीवर भोक पडलंय, टाका घालून घ्या राजूबाईकडून."

मी न्हाणीत गेलो, सदरा काढला. खांद्याच्या मधोमध, जिथं माझा हात पोचत नाही आणि डोळाही, तिथं हरभऱ्याएवढं भोक होतं.

कूस बदलताना दिसलं असेल, असं म्हणून बघितलं. पण कूस बदलताना मी नेहमी तिच्या समोर असतो.

४

स्टुडिओतला एक निळा पडदा घरी राहिला होता. पासपोर्टच्या फोटोला लावायचो तो. दुसऱ्या दिवशी मी दोन वासे रोवून तो शेवंतीच्या मागं ताणला. फूल आणि पडदा यांत चार फुटांचं अंतर असेल. आता मागं जे काय असेल ते पडद्याआड जाईल, फोटोत निळ्याशिवाय काही येणार नाही. हिशेब सरळ होता.

माशी शेवंतीवर बसली. डोळा लावला. तेवढ्यात माशी एकदम उडाली. अंगावर कुणाची सावली पडली की उडते तशी. मी हललो नव्हतो. बटण तेवढं दाबलं गेलं.

फोटो मी कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीतच बघितला. निळ्या रंगाच्या पुढं वांगी रंग होता. रोजच्याहून दुप्पट मोठा, निम्मी चौकट भरून. म्हणजे पडद्याच्या अलीकडं. फुलाच्या आणि पडद्याच्या मधल्या चार फुटांत.

पोत्यावर तसाच बसून राहिलो. पडद्याला जराही वारा नव्हता. हापशाच्या तोंडातून थेंब पडत होता, तो ऐकू येत होता.

आत गेलो तर विजयश्री रडत होती.

"परदा कामून लावलाव? वाट अडली की माझी."

मी तिला पडद्याचं काही सांगितलं नव्हतं. त्या खोलीतून अंगणातलं काही दिसत नाही, हे तर मीच तुम्हाला सांगितलं.

पडदा काढून टाकला.

५

पुढच्या आठवड्यात एका सकाळी राजूबाई तिला अंग पुसायला आली होती. नात्याची नाही, पण विजयश्री पडल्यापासून रोज येते. तिनं आतून हाक मारली, "अण्णा, हिकडं या बरं बिगी बिगी!"

विजयश्रीचा उजवा हात सुजला होता. मधल्या बोटाच्या मुळाशी माशीचा काटा रुतलेला होता आणि त्याच्या टोकाची बारीक थैली अजून आत-बाहेर होत होती. खिडकीला जाळी आहे. खोलीत माशी नव्हती, मेलेलीही नाही. माशी काटा मारून जगत नाही.

हाच तो हात. बीदरला डॉक्टरांनी यात सुई टोचली होती आणि हिला कळलंही नव्हतं.

"ठणकायलंय," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. "अवं, लई ठणकायलंय!"

राजूबाई माझ्याकडं बघायला लागली. "वहिनीला कळायलंय की हातातलं! अण्णा, देव पावला म्हणा."

मी नखानं काटा खरवडून काढला, वर चुना लावला. तिनं डाव्या हातानं उजवा हात छातीशी धरला, लेकरू धरावं तसा. दुपारपर्यंत ठणका राहिला. नंतर हात पुन्हा लाकूड झाला. मग ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. माझ्या कपड्यात अडकून माशी आत आली असणार, असं मी मनाला पटवून दिलं. चार वेळा पटवावं लागलं.

६

डिसेंबर लागला तसं मला एक दिसून आलं. सगळे फोटो मी तारखेनं लावून बघितले. डाग लहान होत चालला होता. आधी तुळशीच्या अंगाला, मग हापशाजवळ, मग लिंबाच्या बुंध्याशी. शेवटच्या फोटोत तो तांदळाच्या दाण्याएवढा होता, पार वर, जिथं फाटक येतं.

तिला आंबील पाजताना विचारलं, "कुठं जायलीस तू?"

तिनं तोंडातली आंबील गिळली.

"फाटकापस्तोर आले."

"आन् म्होरं?"

"म्होरं तूर हाय. फुलावर आलीया. तिकडनं वास येतोय."

"मला सोडून जायलीस?"

तिनं डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. "तुमीच न्यायलाव की मला. रोज थोडं थोडं. लई चांगलं वाटतंय मला, तुमी बसलाव की."

इथं एक सांगायला पाहिजे. एकतीस वर्षं मी लोकांच्या लग्नांत होतो. ऐन मोसमात आठ-आठ दिवस घरी नसायचो. पल्लवी झाली तेव्हासुद्धा मी भालकीला एका वरातीत होतो. विजयश्री काय खाते, कशानं हसते, हे मला या काही महिन्यांत तिला भरवताना कळलं. नवरा-बायको म्हणून आम्ही राहिलो ते खरं तर ती पडल्यावरच. आणि आता ती जायचं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाची कडी तारेनं आवळून बांधली. कॅमेरा कपाटात ठेवला.

"बॅटरी गेली," मी तिला म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणाऱ्या लेकराकडं आई बघते तसं. मग तोंड मिटलं.

७

ते मिटलंच. आंबील नाही, दूध नाही, चमच्यानं पाणी घातलं तर गालातून बाहेर. तिसऱ्या दिवशी हैदराबादहून पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, डॉक्टर म्हणतायत नाकातून नळी घालावी लागंल. मी परवा येते, आपण आईला बीदरला नेऊ."

विजयश्रीनं नळी ऐकली. डोळे मिटले.

राजूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, काय मागायल्यात ते देऊन टाका की वहिनीला."

"तुला काय माहीत ती काय मागायलीय?"

"माहीत न्हाई. पर तुमाला माहीत हाय, ते दिसायलंय मला."

पाचव्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. एकच फोटो काढायचा आणि आत यायचं, असं ठरवलं होतं. मागं बघायचं नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

झेंडूवर माशी होती. दव पडलं होतं, तिचे पंख चिकटले होते. मी पोत्यावर बसलो, डोळा लावला. माशी स्वच्छ दिसत होती. तिच्या मागं, दूर, दाण्याएवढा वांगी ठिपका होता. बटणावर बोट होतं. ते दाबायला एवढासा वेळ लागतो.

बोट उठलं आणि लेन्सच्या कड्यावर गेलं.

कडं फिरवलं तशी माशी विरघळली, मग फूल. तुळशीची पानं स्वच्छ झाली आणि गेली. हापशाची दांडी आली आणि गेली. लिंबाच्या सालीवरच्या मुंग्या दिसल्या. मग फाटक आलं आणि फाटकापाशी ती होती. पाठमोरी. अंबाडा घातलेला, पायात काही नाही. उजव्या हातानं ती कडीची तार सोडवत होती. घाई नव्हती तिला. गव्हातले खडे निवडताना असायची तशी उभी होती. तार लोखंडावर घासल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

कडी उचलली गेली.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मला तर जन्मभर बायकोला नावानं हाक मारायची सवय नव्हती. 'अगं' म्हणायचो, नाहीतर 'पल्लवीची आई'.

"विजयश्री!"

ती थांबली. हात कडीवर तसाच. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग वळली.

लेन्स पुरती लागलेली होती. साडीचे धागे मोजता आले असते. काठावरचा सुटलेला एक दोरा दिसत होता. तोंड तेवढं लागलं नाही. मी कडं इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. साडी स्वच्छ, हात स्वच्छ, गळ्यातली पोत स्वच्छ आणि त्याच्या वर, तोंडाच्या जागी, दूध कालवल्यासारखं.

आणि मग ती परत यायला लागली.

लिंबापाशी आली. हापशापाशी आली. पावलांचा आवाज नव्हता. जवळ येईल तशी ती पसरत गेली, आकार जात गेला, रंग राहिला. मला डोळा काढता येत नव्हता. तुळशीच्या अलीकडं वांगी रंगानं सगळी चौकट भरली आणि तो रंगही काळा पडत गेला. माझ्या गालाला गारवा लागला. डांबरगोळ्यांचा वास आला.

कॅमेरा हातातून सुटून पोत्यावर पडला. अंगणात ऊन होतं. फाटक बंद, तार जशीच्या तशी आवळलेली. आत खाट करकरली.

मी धावलो. विजयश्री डोळे उघडे ठेवून पडली होती. मी आंबिलीचा चमचा तोंडाजवळ नेला आणि तिनं तोंड उघडलं. सगळी वाटी संपवली. मी चमचा हातात धरून हमसून हमसून रडलो. आनंदानंच रडलो, तेव्हा तसं वाटलं.

८

त्याला आता तीन महिने झाले. ती दोन्ही वेळा खाते, जेवढं घालावं तेवढं. पल्लवी आली, आम्ही बीदरला नेलं. डॉक्टर खूश झाले. वजन दोन किलोनं वाढलंय म्हणाले. नाडी चांगली आहे, रक्तदाब चांगला आहे. पल्लवी हसत हैदराबादला गेली.

ती बोलत मात्र नाही. कुणाकडं बघत नाही. टीव्हीवर फोटो लावला तर डोळे त्याच्यावरून निघून जातात, भिंतीवरून जावेत तसे. परवा कूस बदलताना राजूबाई थबकली. "अण्णा, तुमी म्हणायलाव वजन वाढलं. मला तर रिकामी घागर उचलल्यावानी लागायलंय." आणि मग माझं तोंड बघून म्हणाली, "माझ्याच हाताचा दोष असंल." हल्ली ती अंग पुसून झालं की थांबत नाही. चहाला म्हटलं तर घरी काम आहे म्हणते.

मी तार सोडली. फाटक दिवसभर उघडं ठेवतो. शेळ्या येऊन शेवंती खाऊन गेल्या, मी हाकलल्या नाहीत. रोज साडेसातला पोत्यावर बसतो, माशी असो नसो. फोटो काढतो. फुलामागं हिरवं असतं. नुसतं हिरवं. तूर काढून झाली तेव्हापासून तेही मातकट झालंय.

आज सकाळी तिला पाणी पाजायला बसलो होतो. खोलीत आम्ही दोघंच. मी पेला खाली ठेवला आणि तिचा उजवा हात हातात घेतला.

"चुकलं माझं," म्हटलं. "तू जा. मी बसतो तिथं, डोळा लावून बसतो. आता हाक न्हाई मारायचो. जा तू, विजयश्री."

तिनं मान वळवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं आणि बोलली. बोलणं जड नव्हतं. शब्द अन् शब्द स्वच्छ.

"कुणाला बोलायलाव?"

पलीकडच्या वाटेनं संतपूरची बस हॉर्न वाजवत गेली. तो आवाज विरेपर्यंत मी तिच्या डोळ्यांत बघत राहिलो. ती वाट बघत होती, उत्तराची.

"कुणाला न्हाई," मी म्हटलं आणि पेला उचलून तिच्या तोंडाला लावला.